होणार आहे

नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये ती माझ्या समोर बसायची. फोनवर मराठी बोलायची, पण नाव मी कधी विचारलं नाही. आई पुण्याहून आली होती तेव्हा एकदा माझ्याबरोबर ट्रेनमध्ये होती. समोर बसलेल्या तिच्या बॅगेतला स्टेथोस्कोप पाहून आईने सरळ विचारलं, "डॉक्टर, माझे गुडघे बघता का जरा?"

"काकू, मी डॉक्टर नाही. फिजिशियन असिस्टंट आहे, डॉक्टरच्या हाताखाली पेशंट तपासते," ती म्हणाली. "पण डॉक्टर होणार आहे."

मग थंडीने गारठलेले तळवे एकमेकांवर चोळून तिने ते गरम केले आणि मगच आईच्या गुडघ्याला हात लावला.

तिच्या मांडीवर कायम प्रवेशपरीक्षेचं जाडजूड पुस्तक असे. असिस्टंट म्हणून केलेली नोकरी मेडिकल कॉलेजात धरत नाहीत, पहिल्या वर्षापासून शिकावं लागतं. त्या पहिल्या वर्षालाच तिला कुणी घेत नव्हतं. दर वर्षी नकार यायचे आणि ती पुन्हा अप्लाय करायची.

एका हिवाळ्यात मांडीवर पुस्तक दिसलं नाही. मी विचारलं.

"सोडलं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "उपाय संपले की आम्ही पेशंटला तसं स्पष्ट सांगतो. मला कुणी सांगितलंच नाही. दर वेळी नुसतं, पुन्हा प्रयत्न करा."

त्याच हिवाळ्यात आई परत आली आणि ट्रेनमध्ये तिला म्हणाली, "डॉक्टर, गुडघे पुन्हा धरलेत हो."

'मी डॉक्टर नाही,' असं ती आईला पुन्हा सांगेल म्हणून मी थांबलो.

"दाखवा, काकू," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केले. ते इतके गार होते की आईने पाय मागे घेतला.