बाईंची परीक्षा

आमच्या शाळेत शिक्षकांना गुण द्यायची पद्धत आली, तेव्हा मला शिकवायला लागून वीसेक वर्षं झाली होती आणि मी थकले होते. शिकवून नव्हे, दरवर्षीच्या नव्या सुधारणांनी. त्या काळी बडोद्यात ज्याला परवडेल तो मुलांना इंग्रजी शाळेत घालत होता. मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत चालले होते आणि त्यावर उपाय म्हणून ट्रस्टींनी आमचं मूल्यमापन करायचं ठरवलं. धन्य ती माणसं!

या कामासाठी एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यातून निवृत्त झालेले एक गुजराती गृहस्थ नेमले. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि छापील कागदावरच्या चौकोनांत आकडे भरायचे.

चौथीच्या दोन तुकड्यांची पुढच्या वर्षी एकच होणार होती. एक तुकडी माझ्याकडे, दुसरी माझ्याहून लहान असलेल्या सहकारी बाईंकडे. जिला कमी गुण, तिची बदली ट्रस्टच्या डभोईच्या शाळेत, बसने तासाभराच्या वाटेवर. मला डभोईचं वावडं नव्हतं. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मधल्या सुट्टीत मी धावतपळत शाळेजवळच अकोट्याला घरी जाऊन त्यांना भरवून येत असे. दुसऱ्या कुणाच्या हातून त्या घास घेत नसत. डभोईहून ते कसं जमणार होतं?

माझी पाळी आली त्या दिवशी सकाळी मी मुलांना म्हटलं, "आज दंगा नको हं. ते काका मागे बसणार आहेत. आज तुमची नाही, माझी परीक्षा आहे."

भागाकार चालू होता. एरवी हा वर्ग म्हणजे मासळीबाजार, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर अंगावर यायचं. मी विचारलं, "सतरा लाडू पाच जणांना सारखे वाटले, तर उरले किती?" एकही हात वर येईना. सोपी गणितं घातली, शेवटी "बोलो, केटला वध्या?" असं गुजरातीतूनही विचारून पाहिलं. सगळे ओठ घट्ट मिटलेले. पहिल्या बाकावरची माझी सगळ्यांत हुशार मुलगी तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. अख्खा तास प्रश्नही मीच विचारले आणि उत्तरंही मीच दिली.

"बेन, तमारो क्लास तो साव चूप छे," जाताना ते गृहस्थ हळहळून म्हणाले.

दार लागलं आणि मी मुलांवर खेकसणार, तेवढ्यात ती मुलगी उठली. चेहरा फुललेला. "बाई, आम्ही कुणीच उत्तर सांगितलं नाही! तुमची परीक्षा होती ना? हा सांगणार होता, पण मी त्याला चिमटा काढला."

दर चाचणीला मीच घसा फोडून सांगत आले होते, दुसऱ्याच्या परीक्षेत उत्तर सांगणं म्हणजे चोरी. माझा राग कुठल्या कुठे गेला, उरलं ते रडू. "शाबास," म्हटलं.

"बाई, पास व्हाल ना?"

"होईन की."

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना सगळं सांगितलं. ते मनापासून हसले, मग एकदम गंभीर झाले. कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बेन, हुं समजुं छुं. पण आमां एनुं खानुं नथी." खरंच, त्यांच्या कागदात त्यासाठी चौकोन नव्हता.

जूनपासून मी डभोईची बस धरू लागले. शेजारीण सासूबाईंना भरवायला यायची. त्या तोंड फिरवायच्या आणि मी परत येईपर्यंत तशाच उपाशी राहायच्या.

एकदा ती सहकारी भेटली. मुलं आता पाचवीत होती. माझ्याबद्दल विचारतात का, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, "विचारत नाहीत, सगळ्यांना सांगतात. आमच्या बाई पास झाल्या, म्हणून त्यांना पुढच्या शाळेत घातलं."