नळीचा मान

परवा शेजारणीकडून मटणाचा वास आला आणि मेहकरचं आमचं अंगण आठवलं. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन सगळ्यांत लांब जाणाऱ्याला जेवताना मटणाची नळी मिळायची. बाईच्या ताटात ती कधी पडली नव्हती. गावातली पोरं कामासाठी पुणं गाठत होती, तेव्हा मी रक्ताच्या मूळ पेशींवर संशोधन करायला हैदराबादला निघाले होते. फक्त थोरल्या चुलत्यांचा होकार राहिला होता. पंगतीत मी भाकरी वाढत असताना नळी हातात धरून त्यांनी विचारलं, “एवढं शिकलीस, आता आनि कामून जायलीस?” मी म्हणाले, “अण्णा, हाडाच्या असल्याच गरात आपलं रगत तयार होतंय. ते बनवणाऱ्या पेशीच्या आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतोय, आपल्या पालाच्या काठ्या-दोरांसारखा. त्यो कसा ताणलाय, त्याच्यावर पेशी पुढं काय होनार तेबी ठरतंय. तेच बघायला जायलेय.” “म्हंजे दोर ढिला पडला की पालाचा आकारच बदलतोय, तसं?” “व्हय, तसंच.” अण्णांनी सरकून शेजारी जागा केली. मग म्हणाले, “ताट घे, बस हितं.” मी बसले. स्वतःच्या दोन्ही मुलांना ओलांडून त्यांनी नळी माझ्या ताटात ठेवली. “यंदा सगळ्यांत लांब हीच जायलीय.” पुढे मला सभांमधून शाली मिळाल्या, त्या कपाटात आहेत. ती नळी मात्र मी तिथेच, सगळ्यांदेखत ताटावर आपटून, आवाज करत चोखली होती.