काढून ठेवलेला वॉल

माझ्या मुलाने कल्याणहून एक जुनी, टर्बो बसवलेली छोटी मोटार आणली, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता आणि मुरबाडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करीत होता. मी तोवर काम सोडले होते. शहापूरजवळ हमरस्त्याच्या कडेला एका गॅरेजात मी बत्तीस वर्षे ट्रकची इंजिने उघडली आणि पुन्हा जोडली. कसाऱ्याचा घाट चढताना तापलेले ट्रक आमच्याकडे ओढून आणत. इंजिन का तापते, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही, अशी माझी समजूत होती.

मोटार वेगवान होती. सपाटीवर तिच्यात काही खोट दिसत नसे. चढावर जोर लावला की पाच मिनिटांत पाण्याचा काटा लाल रेघेकडे सरकू लागे. मुलाने ती खोट माहीत असूनच गाडी घेतली होती. नाशिकचे एक गृहस्थ शर्यतीच्या मोटारी तयार करवून घेत. त्यांच्या अशाच बनावटीच्या गाड्या तापत होत्या. त्यांनी मुलाला सांगितले होते, की मे महिन्यात, भर दुपारी, मला बाजूला बसवून न थांबता माळशेज चढून दाखव. काटा जागेवर राहिला तर माझ्या सगळ्या गाड्यांचे काम तुझ्याकडे. तसे झाले असते तर तो नोकरी सोडणार होता. आटगावच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड त्याने भाड्याने बघून ठेवली होती. लहानपणापासून त्याला दुसरे काही करायचे नव्हते, हे मला ठाऊक होते. आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

सहा महिने तो आमच्या खळ्यात काम करीत होता. मी पडवीत बसून पाहत असे. त्याने आधी काहीच बदलले नाही. पुढच्या जाळीवर आणि बॉनेटवर लोकरीचे धागे चिकटवले, बाजूला मोबाइल बांधला आणि गाडी चालवून चित्रण केले. आमचा शेजारी मुरबाड-कल्याण जीप चालवतो. तो फाटकाशी थांबला.

"काय रे, झालर लावलीस? बारसं हाय काय हिचं?"

"हवा कुठनं जाते ती बघतोय, काका."

"हवा बघायची तर माझ्या जीपमंदी ये. चौदा माणसं कोंबतो, दोन मागं लटकतात. हवा चारी बाजूनं जाते. आन् आमची गाडी तापत नाय, पॅसेंजर तापतो."

मुलगा हसला आणि धागे चिकटवीत राहिला.

धाग्यांवरून त्याला कळले, की समोरून येणारी निम्मी हवा रेडिएटरमधून जातच नाही. कडेच्या फटींतून निसटते. त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा कापून जाळीपासून रेडिएटरपर्यंत बंद बोळ केला आणि फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. डिझेल जीपचा जाड रेडिएटर कापून, जोडून बसवला. विजेच्या पंख्याभोवती पत्र्याचे कडे केले, म्हणजे पंखा सगळ्या जाळीतून हवा ओढील, केवळ समोरच्या गोलातून नव्हे. पुष्कळ लोक बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलतात. गरम हवा तिथून निघून जाईल असे त्यांना वाटते. त्याने तेही करून पाहिले. धागे उलट आत ओढले गेले. पुढच्या काचेपाशी दाबली गेलेली हवा बाहेर जाण्याऐवजी आत शिरत होती. त्याने वॉशर काढले आणि रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात, आडव्या फटी कापल्या. त्या जागी धागे वर उभे राहिले. ते चित्र त्याने मला मोबाइलवर दाखवले.

"कसं वाटतं, बाबा?"

"बघू," मी म्हणालो.

होळीच्या आधी तो तीन वेळा अर्धा घाट चढून आला. तिसऱ्या खेपेस खळ्यात शिरताच म्हणाला, "काटा हलला नाय, बाबा. मधल्या रेघेवर चिकटवल्यासारखा होता."

"अजून थंडी आहे," मी म्हणालो.

ते खोटे नव्हते. त्याला ते तेव्हाच सांगण्याचे कारणही नव्हते.

जसजसा मे जवळ आला, तसतशी मला काळजी वाटू लागली. ती मी कोणाजवळ बोललो नाही. पत्रे, फोम आणि धागे यांवर माझा विश्वास नव्हता. तापणाऱ्या ट्रकवर आमच्या गॅरेजातला पहिला उपाय ठरलेला असे. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी थर्मोस्टॅट असतो, म्हणजे आपोआप उघडमीट करणारा व्हॉल्व्ह, झडप. आम्ही त्याला नुसता वॉल म्हणत असू. पाणी थंड असताना तो मिटलेला राहतो, गरम झाले की उघडतो. आम्ही म्हणायचो, या मुलखात थंड असतेच काय. काढून टाका, पाणी मोकळे वाहू द्या. त्या जुन्या ट्रकांना ते चालून जाई. मी किती वॉल काढले याची गणती नाही. मुलाने मात्र वॉल तसाच ठेवला होता. मी एकदा त्याला म्हणालो, तो काढ. तो म्हणाला, "हिच्यात तो लागतो, बाबा." त्याने का लागतो ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला होता. पत्नी गावात हळदीला गेली होती. मी पाणी सोडले, दोन बोल्ट काढले, वॉल काढला, जुन्याच पॅकिंगला ग्रीस लावून झाकण परत बसवले आणि पाणी भरले. अर्ध्या तासाचे काम. वॉल कपड्यात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवला. त्याला सांगायचे नाही असे मी ठरवले होते. चाचणी यशस्वी झाली असती तर श्रेय त्याचेच राहिले असते. मला तेव्हा हे उदारपणाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकचे गृहस्थ आले. त्यांची स्वतःची मोटार चालकासह मागून येणार होती. ते मुलाच्या शेजारी बसले. मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुमी मागं बसा." त्याने मला गाडीत बस म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी बसलो.

टोकावड्यापर्यंत रस्ता सपाट आहे. मुलाने दोनदा काट्याकडे पाहिले. "आज खालीच हाय," तो म्हणाला. त्याला समाधान वाटले असावे. मलाही वाटले.

घाट सुरू झाला आणि त्याने जोर लावला. दुसऱ्या वळणानंतर काटा मधल्या रेघेवर आला आणि थांबला नाही. मुलाने काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण चालू केला, कारण त्यानेही इंजिनातली थोडी उष्णता आत खेचली जाते. मे महिन्याच्या उन्हात आम्ही तिघे त्या भट्टीत बसलो होतो. गृहस्थ रुमालाने मान पुसत होते. काटा लाल रेघ ओलांडून गेला. मुलगा तरीही पुढचे एक वळण चढला. मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली आणि तो थांबला.

तो बॉनेट उघडून उभा राहिला. मी पुढे जाऊन रेडिएटरच्या खालच्या पाइपाला हात लावला. इंजिनाला बोट लावता येत नव्हते आणि हा पाइप कोमट होता. रेडिएटरचा खालचा भागही कोमट. म्हणजे पाणी रेडिएटरमधून पुरेसे जातच नव्हते. त्या क्षणी मला सगळे समजले. या इंजिनात पाण्याला दोन वाटा होत्या: एक रेडिएटरमधून जाणारी लांब, आणि दुसरी इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आखूड. वॉल उघडतो तेव्हा त्याचाच मागचा भाग आखूड वाटेचे तोंड बंद करतो. वॉल नसला की ते तोंड कायम उघडे राहते. मी पाणी मोकळे केले नव्हते. मी ते इंजिनातल्या इंजिनातच फिरत ठेवले होते. मुलाचे सहा महिन्यांचे काम रेडिएटरपाशी शाबूत होते आणि गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचत नव्हते.

मी हात काढून घेतला आणि मागे सरलो.

गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "मेहनत चांगली आहे. पण माझ्या गाड्यांत माणसे बसतात. मला खात्री पाहिजे." मुलगा म्हणाला, "बरोबर हाय, साहेब." ते आपल्या मोटारीत बसून निघून गेले. आमची गाडी टेम्पोच्या मागे बांधून घरी आणली. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा जड भाग, उष्णतेने वाकले होते.

तो सोमवारी कामावर गेल्यावर मी वॉल परत बसवला. ही गोष्ट मी पहिल्या चुकीपेक्षा वेगळी मानतो. पहिली मी न कळता केली.

आठवड्याने त्याने इंजिन उघडले. वॉल हातात घेतला आणि घरातून पातेले आणले. पत्नी दाराशी आली.

"अरे, माझं दुधाचं पातेलं हाय ते."

"धुऊन देतो, आई."

"धुऊन काय त्याचा वास जातो? आता चहातनं इंजिन प्यायचं सगळ्यांनी."

त्याने स्टोव्हवर पाणी तापवले, वॉल दोरीने आत सोडला आणि पाहत बसला. पाणी उकळण्याच्या आधीच वॉल उघडला, अगदी जसा उघडायला हवा तसा. तो झाकणाच्या पॅकिंगवरून अंगठा फिरवीत मला म्हणाला, "बाबा, हे कुणी खोललं होतं काय? ग्रीस ताजं वाटतंय."

"आधीच्या मालकाने खोलले असेल," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. माझ्यावर अविश्वास ठेवण्याचे त्याला कारण नव्हते. मी आयुष्यात त्याच्याशी खोटे बोललो नव्हतो. "वॉल चांगला हाय," तो म्हणाला. "मंग चूक माझ्याच कामात हाय. ती मला दिसत पण नाय." त्याने पत्र्याचा बोळ, फोम आणि पंख्याचे कडे काढून एका पोत्यात भरले. गाडी आहे त्या स्थितीत विकली. शेडच्या मालकाला नको म्हणून कळवले.

त्यानंतर त्याने घरात पाना हातात घेतलेला मी पाहिला नाही. स्वतःच्या मोटारसायकलचे ऑइलही तो मुरबाडला जाऊन दुसऱ्याकडून बदलून घेऊ लागला. कारखान्यात त्याने यंत्रांवरून कोठाराकडे बदली मागितली आणि ती मिळाली. पत्नी म्हणे, बरे झाले, हात काळे होत नाहीत.

सात वर्षे गेली. गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्याची जीप आमच्या फाटकासमोर वाफ सोडीत थांबली. त्याने मुलाला हाक मारली.

"ये रे, बघ जरा. त्या टायमाला थट्टा केली तिचा सूड उगवलाय हिनं."

मुलगा दारातून म्हणाला, "काका, मला त्यातलं काय कळत नाय. बाबांना दाखवा."

"कळत नाय? सहा महिने ती लोकर कशाला लावीत होतास मग?"

"नव्हतं कळत म्हणूनच," तो म्हणाला आणि आत गेला.

जीपचा पट्टा तुटला होता. तो मी बदलला. हात धुताना मी ठरवले, की आज सांगायचे. पत्नी तिच्या भावाकडे उंबरमाळीला गेली होती. घरात आम्ही दोघेच होतो. संध्याकाळी तो चुलीपुढे भाकऱ्या करीत होता. मी उंबऱ्याजवळ उभा राहून सांगितले: वॉल मी काढला होता, मीच परत बसवला, आणि तुझे काम बरोबर होते. याहून अधिक शब्द मी वापरले नाहीत.

त्याने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाला, "घाटात तुमी खालच्या पाइपाला हात लावला. तवाच कळलं तुमाला?"

"हो."

"आन् मी पातेलं घेऊन बसलो होतो, तवा तुमी समोर होता."

"हो."

त्याने भाकरी उतरवून टोपलीत ठेवली. मी म्हणालो, अजून वेळ गेलेली नाही. शेड आजही रिकामी आहे. नाशिकला मी स्वतः जाऊन सांगतो. इतके मी त्याच्याशी एका वेळी कधी बोललो नव्हतो.

"नको, बाबा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. "कालपरवा कारखान्यात एक पंप बंद पडला. सगळे माझ्याकडं बघत होते. मी उभा राहिलो त्याच्यापुढं. कुठनं सुरुवात करायची तेच आठवंना. तवा मला येत होतं. आता खरंच येत नाय."

मी उंबरा ओलांडून आत आलो आणि चुलीजवळ बसलो.

त्याने दोन ताटे घेतली आणि आधी माझ्या ताटात वाढले.