दिल्लीच्या वाटेवरच्या गोळ्या

वसईला आमची पानवेलींची वाडी होती. पानांचे करंडे रेल्वेने दिल्लीला जात, आणि वर्षातून एकदा वडील तिथल्या व्यापाऱ्याला भेटून येत. जाता-येता आणि तिथेही ते जेवत नसत. उपास आहे म्हणत आणि चहा-केळ्यांवर दिवस काढत.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी सोळा वर्षांची, हिंदीची परीक्षा पास झालेली. म्हणून त्या वर्षी व्यापाऱ्याशी बोलायला वडील मला बरोबर नेणार होते. निघण्याआधी ते आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि उपासाचं खरं कारण मला तिथे कळलं. पहिल्याच प्रवासात बाहेरचं खाऊन त्यांना जुलाब लागले होते. धोतर खराब झालं, आणि डब्यातल्या लोकांनी त्यांना दाराशी बसवलं. सांगताना ते जमिनीकडे बघत होते.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि जुलाबांवरच्या सल्फाच्या गोळ्यांची पुडी बांधून दिली. आजार होण्याआधीच, निघाल्यापासून परत येईपर्यंत रोज घ्यायच्या. पाणी भरपूर प्यायचं, तेही उकळलेलं. अंगावर पुरळ उठलं तर गोळ्या लगेच बंद.

वडिलांनी विचारलं, मग नक्की काही होणार नाही ना?

"खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण भीती कमी झाली तर तुम्ही जेवाल. एवढं झालं तरी पुष्कळ."

गोळ्या माझ्या ताब्यात होत्या. दिल्लीत व्यापाऱ्याच्या बायकोने जेवायला ताटं वाढली. वडील ताटाकडे बघत राहिले.

"बाबा, सकाळची गोळी घेतलीय तुम्ही," मी हळूच म्हटलं.

त्यांनी एक फुलका खाल्ला, मग दुसरा, आणि मग स्वतःहून वरण मागून घेतलं. मग मीही जेवायला लागले.

आम्ही दोघंही धडधाकट परतलो. वडील घरची सुकवलेली केळी, सुकेळी, घेऊन डॉक्टरांकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तिथे एवढंच म्हणाले, "साहेब, जेवलो."

गोळ्यांनी काम केलं की उकळलेल्या पाण्याने, कोण जाणे. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, असल्या गोळ्या दर वेळी घेऊ नयेत, पाण्याचं पथ्य पुरे. तिसऱ्या वर्षी आम्ही गोळ्यांशिवाय निघालो, आणि रतलाम स्टेशनवर वडिलांनी आपणहून गरम पुऱ्या घेतल्या.