यानाचं देऊळ

आमच्या मोहिनीताईला लहानपणीचं आवडतं खेळणं कोणतं असं विचारा. ती म्हणेल, "होतं एक. दीड दिवस खेळले." लोकांना वाटतं, गंमत करतेय. ताई गंमत करत नाही. तो प्रांत माझा, धाकटीचा.

आम्ही पालीचे. घरी चाळीसेक शेळ्या आणि त्यांच्यामागे धरणाकडच्या माळावर दिवसभर आमचे आप्पा. ताई चौथीत असताना पुण्याला ड्रायव्हर असलेल्या मामानं एक खोका आणला. त्याच्या साहेबाच्या पोराला नकोसा झालेला. वर कुठल्याशा इंग्रजी सिनेमातलं यान होतं, पांढरं, टोकदार, शेपटातून निळा जाळ सोडणारं. आत प्लॅस्टिकचे तीन-चारशे ठोकळे, एकमेकांत टक्कन बसणारे. तो सिनेमा आम्ही पाहिलेला नव्हता, अजूनही नाही. ताईनं खोक्यावरच्या चित्रावरून त्याची गोष्ट स्वतःच रचली आणि मला पढवली. त्या गोष्टीत यान चंद्रावर चारा आणायला जायचं. खरा सिनेमा याहून बरा असेल, असं मला आजही वाटत नाही.

यान तयार झालं ते महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढे आरास लागते, घरातलं जे जे चांगलं दिसेल ते सगळं मांडायचं. पण त्या वर्षी मायचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेळ्यांना पाला काढताना आप्पा बाभळीवरून पडले होते आणि तीन दिवस बीडच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. काका त्यांच्यापाशी, माय इकडे. देवीला काही उपाशी ठेवता येत नाही. डोळे पुसत पुसत मायनं आरास मांडली. यान आडवं मावेना म्हणून शेपटीवर उभं केलं. टोक वर गेलं आणि यानाचं झालं देऊळ.

"कुठल्या गावचं गं हे देऊळ?" शेजारच्या छबुबाईंनी हळदीकुंकवाला आल्यावर विचारलं.

"देऊळ न्हाई, यान हाय. सिनेमातलं," ताई म्हणाली.

"गप बस," माय म्हणाली. तोवर छबुबाईंनी यानाला बोटभर कुंकू लावलंही होतं.

माय त्या कुंकवाकडे बघत राहिली. मग हात जोडून म्हणाली, "मालक उठले, तर हे देऊळ हाय तसं ठेवीन. एक वीट हलू देणार न्हाई." दुसऱ्या दिवशी देवीपुढे पुरणाचं ताट ठेवलं आणि दवाखान्यातून निरोप आला, आप्पांनी डोळे उघडले, पाणी मागितलं.

झालं! यान जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत गेलं. वर्षातून तीन दिवस बाहेर यायचं, शेपटीवर उभं राहायचं, कुंकू लावून घ्यायचं आणि पुन्हा पेटीत. हात लावायची सक्त मनाई. मी भोकाड पसरून मोकळी व्हायचे. ताई आरासीपुढे तासन् तास बसून नुसती बघायची. पोरीला देवीची लई ओढ, असं बायका म्हणायच्या. कसली देवी अन् कसलं काय!

सातवीत असताना, माय बाजारला गेलेली बघून, तिनं पेटी उघडली. वरचा एकच ठोकळा काढला. टक्. नेमकी माय दारात. आता ताईची खैर नाही, असं मला वाटलं. पण मायनं हातसुद्धा उचलला नाही. ती पांढरीफटक पडली. "कावून काढलीस गं वीट, कावून काढलीस?" म्हणत उंबऱ्यावर बसली आणि आप्पांच्या वाटेकडे डोळे लावून राहिली. ताई तिच्या शेजारी, ठोकळा मुठीत घट्ट धरून. नेमका आप्पांना त्या दिवशी उशीर झाला. तेवढ्या वेळात ताई मोठी झाली, असं माझं मत आहे. शेवटी शेळ्यांचा आवाज आला, मागून आप्पा आले, ठोकळा जागेवर बसला. त्यानंतर ताई पेटीकडे फिरकली नाही.

आज ती बीडला एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. वीस बाय तीसच्या जागेत लोकांना तीन खोल्या, देवघर, जिना, शिवाय गाडीलाही जागा हवी असते. ताई सगळं बसवते. कुणी चारदा स्वयंपाकघर हलवायला लावलं तरी चिडत नाही. कंटाळा कसा येत नाही, असं मी एकदा विचारलं. "कागदावर कितीबी मोडा," ती म्हणाली, "कुणाला काय होत न्हाई." शिकल्यासवरल्या बाईचं हे बोलणं ऐकून मी तिला पोटभर हसले. मग माझीच मला लाज वाटली. आप्पांना नुसता ताप आला तरी मी त्या पेटीला धक्का लागू देत नसे.

गेल्या माघात आप्पा गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. दहाव्याच्या दिवशी ताईनं पेटी उघडून बघितली. सगळे ठोकळे जागच्या जागी होते. पेटी बंद करून ती खूप रडली.

वर्ष सरलेलं नाही, म्हणून यंदाच्या महालक्ष्म्या काकांकडे मांडल्या. आम्ही तिघी घरीच होतो. दुपारी मायनं पेटी ओढली, लुगडं सोडलं आणि यान ताईच्या मांडीवर ठेवलं.

"घे. मोड आता."

"नको माय."

"नवस त्यांच्यापायी होता. आता कुणासाठी ठेवू?"

ताईनं हात मागे घेतले. मग मायच ओढू लागली. हळदीकुंकवानं नि तेलकट धुरानं ठोकळे चिकटून बसलेले, मायची नखं झिजलेली. "कसं निघतं गं हे?" ती वैतागली. शेवटी ताईनं हात लावला. पहिला ठोकळा निघाला. मग दुसरा निघाला, तिसरा, आणि तासाभरात जमिनीवर ढीग झाला.

मायनं त्यातला एक उचलला, पदराला पुसला, फिरवून फिरवून बघितला.

"मला बी तवा लई वाटायचं," ती म्हणाली, "एकदा आपल्या हातानं बसवून बघावं. पण नवस बोलून बसले. मग कसा हात लावू?"

एवढी वर्षं आम्हाला वाटत होतं, मनाई फक्त आम्हाला आहे.

"दाव की गं मोहिनी," माय म्हणाली. "कुठं बसवू ही वीट?"

"तुला वाटंल तिथं, माय," ताई म्हणाली आणि सगळा ढीग तिच्यापुढे सरकवला.