माशीच्या डोळ्यांवरचे ठिपके

देगलूरच्या बसस्टँडजवळ श्रीशैलचा फोटो स्टुडिओ आहे. तालुक्यातली निम्मी लग्नं आपल्याच फोटोंवर जमली, असं तो सांगतो. मोडलेल्यांचं सांगत नाही. पण गडी खरा रंगतो तो माश्यांमध्ये. सुट्टी मिळाली की गावाबाहेरच्या तलावाकाठी चिखलात पालथा पडून त्यांचे फोटो काढतो.

"नवरदेवापरीस माशी बरी," तो मला म्हणतो. "हनुवटी वर कर म्हणावं लागत न्हाई!"

परवा त्याला तलावाकाठच्या पाणकणसाच्या पानावर एक नवीच माशी भेटली. मधमाशीएवढी, पण पंख दोनच. माश्या ओळखणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथं त्यानं फोटो टाकला आणि जेवायचं विसरला. गटातल्या शिल्पा मॅडमनी ओळख पटवली, की ही माशी कुठं कुठं सापडते त्या गटाच्या नकाशावर देगलूरची पहिली खूण श्रीशैलच्या नावानं पडणार होती.

"माझ्या बाळंतपणात एवढ्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या तुम्ही," उज्वलावहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं. 'फोटो सुरेख. पण डोळे असे गोटीसारखे गुळगुळीत कसे? त्यांवर ठिपके असतील तरच सांगता येईल.'

ठिपके होते की! श्रीशैलनंच पुसले होते. गिऱ्हाइकाचा चेहरा नितळ करायची हाताला सवय. माशीच्या डोळ्यांवर धूळ बसलीय असं समजून त्यानं कॉम्प्युटरवर झकास सफाई केली होती, आणि मूळ फोटो उडवूनही टाकला होता.

"माशीलाबी पावडर लावली म्हणा की!" वहिनी.

"हसून काय राहिलीस? तलावाकाठचा चिखल वाळून राहिलाय. त्याच्यासंगं माशी गेली की बसा पुढल्या पावसाळ्यापर्यंत!"

सकाळी तो तलावावर हजर, आणि ओढून नेलेला मीही. उन्हं तापली तरी माशीचा पत्ता नाही. मी निघणार, तोच श्रीशैल कुजबुजला, "हलू नको. तुझ्या टोपीवर हाय!" मी पुतळा झालो. माझ्या लग्नातसुद्धा कुणी इतकं मन लावून माझ्याकडं कॅमेरा धरला नव्हता.

फोटो जसाच्या तसा गेला. दुपारी स्टुडिओत एका मुलीचा स्थळासाठी फोटो घेता घेता श्रीशैल मोबाइल बघून ओरडला, "इरिस्टॅलिनस! पडली देगलूरची खूण!" मुलीची आई दचकून उभी राहिली.

"पण मॅडम म्हणतात, हे नुसतं आडनाव झालं. पुरं नाव पाहिजे तर पंखाच्या शिरा दिसाया पाहिजेत." एवढं म्हणून त्यानं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारली.

वहिनींनी पदर खोचून दुसरा कॅमेरा उचलला. "बस गं पोरी नीट. त्यांची नवरी तलावावर बसलीय."