दाराला लावलेला लोलक

"बंद कर. बंद कर तो फोन, नायतर मी येऊन फोडीन. माझा मुलगा मेलेला नाय."

भर दुपारी, भर देवळात मावशी बाकाला धरून उभी होती आणि ओरडत होती. ही आमच्या मंडळीतली सगळ्यात वयस्कर बाई. जन्मभर सरकारी इस्पितळात नर्स होती, आणि तिचा आवाज असा की वॉर्डात हाक मारली तर भाट्याच्या खाडीपलीकडचा माणूससुद्धा उठून गोळी घ्यायचा. त्या दिवशी मात्र तो आवाज चिरकत होता. माझा फोन प्रोजेक्टरला जोडलेला, आणि वेदीपुढे टांगलेल्या चादरीवर एक गोरी म्हातारी हातात मेणबत्ती धरून आमच्याकडे बघत होती. तिचे ओठ मिटले होते. घंटेचा आवाज अजून घुमत होता.

हे कसं झालं ते सांगतो. या खेपेला मीठमसाला न घालता सांगतो. म्हणजे, अंगापुरताच घालतो.

आमचं देऊळ म्हणजे चर्च, अँग्लिकन वळणाचं, इंग्रजांच्या काळातलं, जांभ्या दगडाचं. रविवारी माणसं इतकी थोडी की पाळकसाहेब "प्रिय बंधूंनो" म्हणाले की मी मागे वळून बघतो, आणखी कोण आलंय ते. या एवढ्याशा मंडळीला जगाशी बांधून ठेवायचं काम माझ्याकडे. फोनवर जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांच्या बातम्या येतात, प्रार्थना येतात: आज या बेटावरच्या लोकांसाठी, पुढच्या रविवारी त्या धर्मप्रांतासाठी. ते सगळं मराठीत आणून मी उपासनेत सांगतो. आफ्रिकेतले एक बिशप नदी ओलांडून दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना मंडळीत पक्कं करायला गेले, एवढीच बातमी होती. माझ्या तोंडून ती बाहेर पडेपर्यंत नदीत सुसरी आल्या, आणि त्यातल्या एकीने स्वतःच दृढीकरण मागितलं.

पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "सुसरीला धर्मपिता कोण उभा राहिला?"

असो. याच बातम्यांतून आम्हाला एक जोडीदार मंडळी मिळाली. इंग्लंडच्या पार उत्तरेचं, मासेमारीवर जगणारं गाव. ठरलं ते असं, की एका रविवारी दोन्ही देवळांनी व्हिडिओवर समोरासमोर बसायचं. त्यांची नावं आम्ही प्रार्थनेत घ्यायची, आमची त्यांनी. नावं आधीच एकमेकांना पाठवायची.

मावशी माझ्या घरी आली ती त्यासाठीच. तिचा एकुलता एक मुलगा जहाजावर मोटरमन, म्हणजे इंजिनखोलीत कामाला. पोरगा लहानपणी काकाकडे जयगडला जायचा, तिथे बंदरातली जहाजं बघून त्याला जे वेड लागलं ते लागलंच. आता कित्येक दिवस त्याचा फोन नव्हता. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात विचारलं की उत्तर एकच: जहाज ठीक आहे, नेटवर्क नाही. मावशी रोज त्याला मेसेज टाकायची. मेसेजवर एकच टिक यायची, दुसरी यायची नाही.

"त्याचं नाव पाठव," ती म्हणाली. "आणि तुझं शेपूट जोडू नकोस. दर्यावर आहे, एवढंच लिही."

"दातात दोर धरून जहाज ओढलं होतं त्यानं, ते नको लिहू?"

"थोबाडीत देईन," मावशी म्हणाली. पण हसली. त्यानंतर तिला हसताना मी त्या मंगळवारपर्यंत पाहिलं नाही.

आता आमच्या घंटेचं सांगायला हवं. आमच्या देवळात उपासनेला बोलवायला कोणी घंटा वाजवत नाही, सगळे फोनच करतात. घंटा फक्त मेलेल्यांची. प्रार्थनेत नाव घेतलं आणि मागोमाग टोल पडला, म्हणजे तो माणूस देवाघरी गेला. लहानपणापासून हे आमच्या हाडात बसलेलं. बरं, छताला टांगलेली ती मोठी घंटा आहे तडकलेली. वीज पडली म्हणतात. मी नारळ पडला म्हणून सांगतो, ते जास्त पटतं. वाजली की तांब्याच्या फुटक्या हंड्यावर पळी मारल्यासारखा आवाज यायचा. पुढे तुकडा कोणाच्या डोक्यात पडेल म्हणून आतला लोखंडी लोलक काढून ठेवला. तो आता मागच्या खोलीच्या दाराला लावलेला असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. मेलेल्यांसाठी वेदीजवळ हातातली छोटी घंटी आहे, तीच वाजवतात.

तर तो रविवार. तिकडे सकाळ, आमच्याकडे जेवणं झालेली. मे महिना असा की बाकांचं व्हार्निश अंगाला चिकटत होतं. चादरीवर मात्र त्या लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यांच्या खिडक्यांबाहेर काही म्हणजे काहीच नव्हतं, नुसतं राखाडी. माणसं कोट घालून बसलेली, हलत नव्हती. मी म्हटलं, चित्र अडकलं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एकाने मान वळवली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

आम्ही त्यांची नावं घेतली. मग ती म्हातारी उभी राहिली आणि आमची नावं घेऊ लागली. आपलं नाव परक्या तोंडून ऐकणं कधी अनुभवलंय का? विहिरीच्या तळातून कोणीतरी हाक मारतंय आणि वर ये म्हणत नाही, खाली ये म्हणतंय, असं वाटतं. माझं नाव आलं तेव्हा मी ओ दिली नाही. आजीने लहानपणीच बजावलेलं, अशा हाकेला ओ देऊ नये. एकेक नाव झालं की शांतता. नाव, शांतता.

मग मावशीच्या मुलाचं नाव आलं. आणि टोल पडला.

तिथेच मावशी उठून ओरडली. मी फोन बंद केला, वायर ओढली. चादर पांढरी झाली, स्पीकरचा दिवा विझला, पंख्यांची घरघर तेवढी उरली.

आणि दुसरा टोल पडला.

तो स्पीकरमधून नव्हता. वरून होता, आमच्या डोक्यावरून. फुटक्या हंड्यावर पळी.

पाळकसाहेबांच्या हातातला प्रार्थनेचा ग्रंथ मिटला गेला, त्यांनी तो मिटलेला नव्हता. मी मागच्या खोलीत गेलो. लोक म्हणतील, धावत. मी म्हणतो, पाय माझ्या पुढे गेले, मी मागून पोचलो. दार उघडंच होतं आणि लोलक दाराला होता, जिथे असतो तिथेच. मी हात लावला आणि काढला. मे महिन्यातलं ते लोखंड बर्फाच्या पेटीतून आत्ता काढलेल्या सुरमईसारखं गार होतं आणि त्याला पाणी सुटलेलं होतं. मी बोट जिभेला लावलं. खारं.

मला माहीत आहे, सुसरीवाला माणूस हे सांगतोय. पण पाळकसाहेबांनीही हात लावला आणि तो झग्याला पुसला. पुसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळच्या आत तिकडच्या पाळकांचा निरोप आला. फोन मध्येच तुटला म्हणून ते काळजीत होते. पाळकसाहेबांनी घंटेचं विचारलं. उत्तर आलं ते असं: आमच्याकडे घंटा दर्यावरच्यांची असते. धुक्यात त्यांना घराची दिशा कळावी, म्हणून नाव घेऊन एक टोल देतो. मेलेल्यांसाठी आम्ही वाजवत नाही, त्यांना वाट शोधावी लागत नाही.

म्हणजे सगळा घोटाळा आमच्या रिवाजाचा. तिकडे जो टोल जिवंतांचा, तोच इकडे मेलेल्यांचा. मी धावत मावशीकडे गेलो आणि एका दमात सांगितलं, सांगताना दोन तुताऱ्या आणि एक देवदूतही घातला. तिने सगळं ऐकून घेतलं. ओट्यावर तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

"त्यांची घंटा जिवंतांची," ती म्हणाली. "बरं. मग आपली कोणासाठी वाजली?"

मी वाकून तिच्या तांदळातले खडे वेचू लागलो.

सोमवारी ती देवळात जाऊन बसली, एकटी, वर बघत. मी दाराशी उभा होतो. घंटा हलत नव्हती. मावशीही हलत नव्हती. तिने काळी साडी शोधून ठेवली होती हे शेजारणीने मला सांगितलं, मी ते कोणालाच सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातली एवढी एकच बातमी मी वाढवली नाही.

मंगळवारी दुपारी मी तिच्याकडेच होतो. फोन वाजला. तिने तो उचलला नाही, माझ्यापुढे सरकवला. मी स्पीकर लावला.

"आई, मी. आवाज येतोय ना?"

मावशी खाली बसली. पोरगा सांगत सुटला. जहाजाची वीज गेली होती, इंजिन बंद, फोन बंद, सगळंच बंद. निम्म्या जगापलीकडच्या कुठल्याशा समुद्रात ते नुसते तरंगत होते, भोवती धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. रविवारी तो डेकवर उभा असताना कुठूनतरी घंटा ऐकू आली. जवळपास ना किनारा, ना दुसरं जहाज. कॅप्टन म्हणाला, भास आहे. मग काही वेळाने इंजिन लागलं. आता बंदरात आहेत. आमटीभात खावासा वाटतोय.

मावशी हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. आणि मग तिचा चेहरा बदलला. फोन तिने हातात घेतला, तोंडाजवळ धरला.

"बाळा, नीट आठव," ती हळू म्हणाली. "घंटा एकच होती ना? एकदाच वाजली ना?"

पलीकडे पोरगा काहीतरी चावत होता. शेंगदाणे असावेत.

"नाय गं," तो म्हणाला. "दोन होत्या. एक फुटकी."